दमा आहे? आधी डॉक्टर, मग आभाळ!

श्वास घेता येतो! ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने जमिनीकडे झेपावत असताना, वाऱ्याचा लोंढा थेट तोंडावर आदळत असताना छातीभर श्वास घेता येतो! हे कळल्यापासून कधी एकदा सगळ्यांना सांगते असं मला झालं आहे. विशेषतः ज्यांच्या पर्समध्ये, दप्तरात, उशाशी कायम पंप असतो त्यांना. म्हणजे माझ्यासारख्यांना.

मी लहानपणापासून दम्याची. नाशिकची थंडी, दिवाळीतला धूर, माळ्यावरची धूळ, सगळ्यांशी माझ्या छातीचं वैर. ‘पळू नकोस, धाप लागेल’ हे ऐकतच मोठी झाले. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली आयुष्यातली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर घेतली, तेव्हा ती बातमी मी कापून ठेवली होती. पण असलं काही करायला फुप्फुसं वेगळी लागतात, अशी माझी खात्री होती. मग न्यूझीलंडला दादाकडे जायचं ठरलं आणि तो फोनवर म्हणाला, ‘टाउपोला स्कायडायव्हिंग करतात. येतेस का? आधी डॉक्टरांना विचार मात्र.’

विचारलं! आणि डॉक्टरांनी ‘नको’ म्हणण्याऐवजी चार प्रश्न केले. गेल्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा दिवसा त्रास झाला का? दम्यामुळे रात्री जाग आली का? तात्पुरता आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे एखादं काम सोडावं लागलं का? चारही उत्तरं ‘नाही’ असतील तर दमा ताब्यात आहे. दमा आहे की नाही यापेक्षा तो ताब्यात आहे की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा! इतकी साधी गोष्ट, आणि तिने माझ्यापुढची किती दारं उघडली!

माझी उत्तरं तेव्हा तशी नव्हती. म्हणून आधी रोजचा स्टेरॉइडचा पंप नियमित सुरू झाला. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. पण तात्पुरता आराम देणारा निळा पंप आवळलेले स्नायू तेवढ्यापुरते सैल करतो, आणि श्वासनलिकांची मूळची सूज मात्र हा रोजचा पंपच उतरवतो. श्वास किती जोराने बाहेर पडतो ते मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरमध्ये रोज जोरात फुंकून मी आकडा लिहून ठेवू लागले. तो माझ्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर टिकायला लागला, रात्री शांत झोप लागायला लागली, आणि डॉक्टर म्हणाले, ‘आता जा तुम्ही!’

दम्याला आभाळात नेमका त्रास कशाचा, हेही त्यांनीच समजावलं. उडी घ्यायची त्या १२,००० फुटांवर ऑक्सिजन समुद्रसपाटीपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी मिळतो. लेह जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे आणि तिथे पोचल्यावर आधी विश्रांती घ्यायला सांगतात. पण स्कायडायव्हर त्या उंचीवर असतो जेमतेम काही मिनिटं. त्याहून जपायचं ते थंडीला. दर हजार फुटांमागे तापमान साधारण दोन अंशांनी उतरतं. खाली २० अंश असले तरी विमानाच्या दारात पारा शून्याखाली! थंड, कोरडी हवा श्वासनलिकांतला ओलावा आणि ऊब शोषून घेते आणि त्या आवळतात. म्हणून नाकाने श्वास घ्यायचा, नाका-तोंडावर कापडी पट्टा ओढायचा, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर उडीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पंप घ्यायचा, आणि तोच पंप आतल्या, चेन लावलेल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवायचा.

ऋतूही जपून निवडला. न्यूझीलंडमध्ये नोव्हेंबर-डिसेंबरात गवताचे परागकण हवेत भरपूर असतात आणि उतरायचं तर गवतावरच! आम्ही मार्च धरला. फॉर्मवर दम्याची नोंद केली, प्रशिक्षकालाही पंप कुठल्या खिशात आहे ते दाखवलं. तो जराही दचकला नाही. ज्या देशात दर आठ प्रौढांमागे साधारण एक जण दम्याची औषधं घेतो, तिथे तो दचकेल तरी कशाला! त्याने छातीवरचा पट्टा घट्ट केला, मला खोल श्वास घ्यायला लावला आणि तो अडत नाही ना हे पाहिलं. ‘दार उघडल्यावरही नको वाटलं तर सांगा, विमानातूनच खाली जाऊ,’ असंही म्हणाला. या एका वाक्याने अर्धी भीती गेली. भीतीनेही श्वास उथळ होतोच की!

विमान चढत गेलं. खाली टाउपोचं निळंशार सरोवर. सुमारे २५,५०० वर्षांपूर्वीच्या महाप्रचंड ज्वालामुखी उद्रेकाच्या विवरात हे पाणी साठलं आहे! दक्षिणेला रुआपेहू, २,७९७ मीटरचा, आणि आम्ही त्याच्याही वर! दार उघडलं. पाय बाहेर. आणि मग... मी ओरडले! प्रशिक्षकाने तसंच सांगितलं होतं, कारण ओरडताना आतली हवा बाहेर पडते आणि पुढचा श्वास आपोआप आत येतो. आला! गार, भरपूर, अडथळा नसलेला! पाऊण मिनिट आम्ही नुसते पडत होतो आणि मी श्वास घेत होते, घेतच होते! सुमारे ५,००० फुटांवर पॅराशूट उघडलं, वाऱ्याचा गोंगाट एकदम थांबला आणि मला माझाच श्वास ऐकू आला. त्यात घरघर नव्हती!

म्हणून कळकळीने सांगते. त्या चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, अलीकडे अ‍ॅटॅक येऊन दवाखान्यात राहावं लागलं असेल, किंवा त्या दिवशी सर्दी, खोकला, घरघर असेल, तर उडी पुढे ढकला. आणि स्कूबा डायव्हिंगचा सल्ला वेगळा घ्या. पाण्यातून वर येताना फुप्फुसात अडकलेली हवा धोकादायकरीत्या फुगू शकते, त्यामुळे तिथले निकष निराळे आहेत. पण दमा आहे म्हणून आभाळ आपलं नाही, असं परस्पर ठरवून टाकू नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘मला उडी मारायची आहे, त्यासाठी काय करावं लागेल?’ ते सांगतील ते सगळं मन लावून करा. उडी मारा किंवा नका मारू, त्या तयारीनेच तुमचा रोजचा श्वास मोकळा होईल. मारलीत तर मात्र ओरडा, अगदी छाती फोडून ओरडा!