चिऊचा घास, काऊचा घास

रविवारी वर्गाच्या मधल्या सुट्टीत आम्ही आया एकमेकींच्या मुलांचे डबे बघतो. कोणाचा रिकामा, कोणाचा तसाच भरलेला. खोटं कशाला बोलू, मीही बघते.

आमची कन्या खायला कटकटी. डॉक्टर म्हणतात वजन ठीक आहे, पण भारतातून फोनवर आईचं पहिलं वाक्य, "किती वाळलीय गं पोर!" मग मी पोळीभाजी घेऊन तिच्या मागे. चिऊचा घास, काऊचा घास, शेवटी टीव्ही. एकदा तर तिने घास शाळेपर्यंत गालातच धरून ठेवला!

इथल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर १९८० च्या दशकापासून सांगत आल्या, की काय आणि कधी वाढायचं ते आईवडिलांनी ठरवावं, किती खायचं ते मुलांनी. मागच्या उन्हाळ्यात आई इथे आली, तेव्हा तिला हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली.

"बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. रेशनवर तुमच्या अमेरिकेचाच लाल मिलो मिळायचा. आई आम्हाला वाढायची आणि स्वतः पाणी पिऊन झोपायची. पानात टाकू कसं देऊ गं?"

त्या रात्री मुलीच्या पानात अर्धी पोळी उरली. आईने ती उचलून खाल्ली. मी दोघींनाही काही बोलले नाही.

– एक आई