वैशाखातली बेगमी

अक्षय्य तृतीया उलटली की गिरणाऱ्याच्या आत्याच्या घरी गच्चीवर पाय ठेवायला जागा राहत नाही. जुन्या धोतरावर कुरडया, प्लास्टिकच्या कागदावर साबुदाण्याच्या चकल्या, सुपात सांडगी मिरची. या सगळ्याच्या कडेला, जिन्याच्या सावलीत, एक पितळी परात असते. तिच्यात खडे आणि खड्यांच्या मधे बोटभर पाणी. ती परात माझ्या माश्यांची. सकाळी नऊपासून तिच्या काठावर वर्दळ सुरू होते. खड्यावर उतरायचं, सोंड पाण्याला लावायची, पोट भरलं की जड अंगानं आंब्याखालच्या पेटीकडे निघायचं. आत्या चीक हाटता हाटता त्यांच्याकडे बघते आणि म्हणते, “बघ गं, यांचीही वाळवणं चाललीत.”

तिचं बोलणं किती खरं होतं, ते मला पेटी ठेवल्यावर बऱ्याच उशिरा समजलं. फुलातून आणलेला मकरंद पाण्यासारखा पातळ असतो. माश्या तो एकमेकींच्या तोंडी देत-घेत पोळ्याच्या घरांत पसरतात आणि रात्र रात्र पंखांनी वारा घालतात. पाणी उडत उडत विसेक टक्क्यांवर आलं, की त्या घरावर मेणाचं झाकण बसतं. मग तो आंबत नाही, नासत नाही. मध म्हणजे माश्यांचं वाळवणच. आत्याचं उन्हावर होतं, त्यांचं पंखांवर. आणि दोन्हीकडे डोळा एकाच गोष्टीवर असतो, पुढच्या चार महिन्यांवर.

माझी पेटी सातेरी माशीची. आग्या मोहोळ कड्यांवर नाही तर उंच टाक्यांखाली उघड्यावर लटकतं. ते पाळता येत नाही. फुलोरी झुडपाच्या फांदीवर एकच लहानसं पोळं बांधते, तीही पेटीत रमत नाही. सातेरीला मात्र झाडाची ढोली लागते, आतला अंधार लागतो, एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधायला जागा लागते. म्हणून लाकडी पेटी तिला ढोलीसारखीच वाटते. दुसरी पाळीव माशी मेलिफेरा. ती परदेशातली, १९६० च्या दशकात हिमाचलातल्या नगरोटा बगवां इथे आपल्या देशात स्थिरावलेली. ती मध जास्त देते. पण त्र्यंबकच्या डोंगरातलं धुकं, दिवसेंदिवस लागलेली झड आणि मधेच पडलेलं ऊन सातेरीच्या अंगवळणी पडलेलं आहे. मला तीच हवी होती.

पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत मी काही दिवस शिकून आले. संस्था १९६२ पासूनची. तिथं चौकटी हाताळायला शिकले, राणी ओळखायला शिकले, धुराडं किती आणि केव्हा फुंकायचं ते शिकले. हिवाळ्यात पेटी आंब्याखाली आली. चैत्रात ओढ्याकाठचे करंज फुलले, मग जांभूळ, मग वरच्या रानातला हिरडा. पेटीला कान लावला की आतून जात्याच्या घरघरीसारखा आवाज यायचा. वैशाखात वरची मधकोठी काठोकाठ भरली आणि मी ती सगळी रिकामी केली. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. खालच्या मजल्यावर, जिथं राणी अंडी घालते, तिथल्या चौकटींच्या वरच्या कडेलाही मधाचा जाड पट्टा होता. तोही मी यंत्रात फिरवला. साडेतीन किलो मध निघाला. छोट्या बाटल्यांत भरून घरोघर वाटला. लोकांनी बोटं चाटली, मी सुखावले.

मृगात पाऊस आला. आषाढात सलग आठ-नऊ दिवस उजाडल्यासारखंच वाटेना. उघडीप पडल्यावर पेटीचं झाकण काढलं, तर आत एकही माशी नव्हती. मेलेल्याही नव्हत्या. पोळी कोरडी, घरं चाटून पुसून स्वच्छ. मधाचा थेंब नाही, अंडं नाही, अळी नाही. फक्त एका कोपऱ्यात मेणकिड्याची पांढरी जाळी. सातेरी उपाशी मरत बसत नाही. राणी अंडी घालणं थांबवते, उरलासुरला मध माश्या पोटात भरून घेतात आणि पहिल्या उन्हाला घर सोडतात. भर पावसाळ्यात, फुलं नसलेल्या रानात त्या कुठे गेल्या असतील, हा विचार त्या वर्षी पाऊस वाजायला लागला की यायचा. चूक माझी होती. मी त्यांचं वाळवण उचलून वाटून टाकलं होतं.

त्यानंतर पुस्तकं पुन्हा वाचली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, जी आधीच यायला हवी होती. मधमाशीपालनाची बहुतेक पुस्तकं थंड देशांत लिहिलेली आहेत. तिथं उन्हाळा सरताना पेटीची काळजी घ्या म्हणतात, ते पुढे बर्फ येणार म्हणून. जागतिक मधमाशी दिन २० मे रोजी असतो. १७३४ मध्ये त्या दिवशी स्लोव्हेनियात जन्मलेल्या अंतोन यान्शाच्या स्मरणार्थ. हा यान्शा पुढे व्हिएन्नात मधमाशीपालन शिकवायचा. त्याच्या गावी तो दिवस फुलांच्या ऐन बहरात येतो. आमच्याकडे त्या दिवशी करंज झडलेला असतो, गवत वाळून कडकडीत झालेलं असतं आणि माश्या रसवंतीच्या दारात उसाच्या चिपाडांवर बसलेल्या दिसतात. रसवंतीवर माश्या वाढल्या, की रानात काही उरलं नाही असं समजावं. आमचा हिवाळा पाण्याचा असतो. तो ज्येष्ठात सुरू होतो आणि भादव्यापर्यंत टिकतो. नाशिकच्या नवशिक्यानं पुस्तकातला बर्फ खोडून तिथं पाऊस लिहावा, म्हणजे बाकीचं आपोआप जुळतं.

हे पुस्तकाशिवाय जाणणारा माणूस मला पाड्यावर भेटला. तरुणपणी मोहोळं झाडायचे ते बाबा. आमच्याकडे पोळ्याच्या मधाच्या भागाला कांदा म्हणतात. बाबा म्हणाले, “आम्ही कांदा निम्मा कापायचो, निम्मा ठिवायचो. आन् पोरांच्या पोळीला हात लावायचा न्हाई.” पोरं म्हणजे अळ्या. माझ्या चकचकीत यंत्राचा आणि पांढऱ्या जाळीच्या टोपीचा त्यांनी कौतुकानं हात लावून अंदाज घेतला आणि एवढंच विचारलं, “मंग त्यांना काय ठिवलं?”

आता वैशाख लागला की माझी तयारी त्या प्रश्नापासून सुरू होते. पेटी उघडायची ती सकाळी, ऊन तापायच्या आत. दुपारी उघडली तर मेण मऊ पडतं, जड पोळं चौकटीतून निखळतं आणि सांडलेल्या मधाच्या वासानं दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लुटायला येतात. पोळ्याच्या मधोमध, पिलांच्या भागात, माश्या सगळं वर्ष साधारण ३४-३५ अंश तापमान राखतात. बाहेर चाळीस झाल्यावर हे कसं साधतं? परातीतलं पाणी आत नेऊन त्याचे बारीक थेंब घरांच्या कडांना लावतात आणि दारात ओळीनं उभ्या राहून पंख चालवतात. आपल्या वाळ्याच्या ताट्यांचंच हे काम. आपण एवढंच करायचं, की पेटी सावलीत ठेवायची, दुपारी झाकणावर ओलं गोणपाट टाकायचं आणि पाणी जवळ द्यायचं. परात मी एक दिवसही कोरडी पडू देत नाही, त्याला आणखी एक कारण आहे. एप्रिलात द्राक्षांची खरड छाटणी झाली की नव्या फुटव्यांवर फवारण्या सुरू होतात. घराशी पाणी मिळालं नाही तर माशी ठिबकच्या गळक्या जोडाशी, वेलीखालच्या डबक्याशी जाते, आणि त्या डबक्यात काय उतरलंय हे तिला कळत नाही.

चौकट उजेडात धरून मी आधी अंडी शोधते. घराच्या तळाशी उभं राहिलेलं तांदळाच्या कणीसारखं अंडं दिसलं, की राणी आहे आणि खुशाल आहे. प्रत्यक्ष राणी दिसली नाही तरी चालतं. मग वरच्या कडेचा झाकलेला मध. तो खालच्या मजल्यावर प्रत्येक चौकटीला हवा, आणि आता त्याला मी सुरी लावत नाही. मधकोठीतूनही भरल्या चौकटींपैकी एखादीच काढते, काही वर्षी तीही नाही. काळी पडलेली, माश्यांनी सोडलेली पोळी मात्र काढून टाकते, कारण मेणकिड्याचा पतंग अशाच पोरक्या पोळ्यात अंडी घालतो. माश्यांनी गच्च झाकलेल्या पोळ्यावर त्याचं काही चालत नाही. म्हणून पावसाळ्यात घर लहान आणि भरलेलं असावं. दोन वसाहती दुबळ्या असतील तर एकीची राणी काढून घ्यायची आणि दोघींच्या मधे वर्तमानपत्राचा कागद घालून पेट्या एकावर एक ठेवायच्या. माश्या कागद कुरतडत कुरतडत एकमेकींच्या वासाला सरावतात. कागद संपतो तोवर भांडणही संपलेलं असतं.

रोहिणीत पेटीची फट न् फट बुजवते. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी. दार पूर्वेला, कारण पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. पेटी पुढे किंचित झुकती, म्हणजे आत शिरलेलं पाणी दारातून निघून जातं. वर पत्रा, पत्र्यावर दगड.

आणि भुकेची सोय. दर आठवड्याला पेटीची मागची बाजू दोन बोटं उचलून बघते. वजनाची हाताला सवय होते. हलकी लागली, की साखर आणि उकळून गार केलेलं पाणी समसमान घेऊन पाक करते आणि दिवस मावळल्यावर आत ठेवते, वर काड्या टाकून, म्हणजे कुणी बुडत नाही. गूळ नाही, काकवी नाही. त्यानं त्यांची पोटं बिघडतात. बाजारातला मध तर नाहीच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूनं दक्षिणेत सातेरीच्या वसाहतींच्या वसाहती संपवल्या होत्या. कुठल्या पेटीतला मध काय घेऊन येईल, सांगता येत नाही. पण पाक हे आजारपणातलं जेवण. स्वतःच्या मधाची सर त्याला नाही.

हे सगळं नाशिक जिल्ह्यातही सगळीकडे एकसारखं नाही. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे माशीला कित्येक दिवस बाहेर पडता येत नाही. तिथं साठा जास्त लागतो. बागलाण, देवळ्याकडे पाऊस कमी आणि डाळिंबाचा मृग बहार पावसाळ्यातच फुलतो, म्हणून तिथल्या पेटीला चार घास मिळतात. येवला, चांदवडकडे माघ-फाल्गुनात कांद्याच्या डोंगळ्यांवर पांढरे गोंडे येतात. त्या फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर मागून तयार होतो. एका फुलाचा पराग दुसऱ्याकडे नेणारं कुणी नसेल तर उळं भरत नाही. त्या दिवसांत शेतकरी पेट्यांची विचारपूस करत येतात. आषाढात कुणी येत नाही. आषाढात पेटीला फक्त पाळणारा असतो. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून पेटी ठेवावी असं वाटणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी विचारते, पावसाळ्यात तुम्ही गावात असता का?

एका गोष्टीनं मात्र मला अजून गलबलतं. ऐन कामाच्या दिवसांत कामकरी माशी जेमतेम सहा-सात आठवडे जगते. वैशाखात हिरड्यावरून मकरंद आणणारी, रात्रभर पंख हलवून तो आटवणारी, झाकणाला मेण घालणारी माशी आषाढ बघत नाही. तो मध जिच्या तोंडी लागणार, ती तेव्हा जन्मलेलीही नसते. आत्या कुरडया घालते तेव्हा कोण येणार, कुणाच्या पानात काय वाढायचं, हे तिला ठाऊक असतं. या माश्यांना कुणाचं तोंड दिसत नाही. तरी घर भरून ठेवतात.

आश्विनात पेठ-त्र्यंबकच्या उतारांवर खुरासणी पिवळी होते. सातेरीचा पाडवा खरा तेव्हा. तिथवर पोचलेली वसाहत पुन्हा घरं बांधायला लागते, आणि मग पाक बंद करून आपण थोडं मागायचं, पाड्यावरच्या बाबांच्या मापानं.

यंदा २५ मेला संध्याकाळी वळीव येऊन गेला. मातीचा वास सुटला, गच्चीवरचं उरलंसुरलं वाळवण आम्ही धावत जाऊन आत घेतलं. नंतर मी पेटी एकदा शेवटची उघडली. मधकोठीतली एक चौकट मावळत्या उजेडात धरली. दोन्ही बाजूंनी पांढऱ्या मेणानं बंद, हाताला जड. तिच्यावरच्या माश्या जागच्या हलल्या नाहीत. चौकट परत जागेवर सरकवली, झाकण लावलं, दगड ठेवला.

आत्या दारात उभी होती. “यंदा मध नाही काढलास?”

“आहे ना. पेटीत आहे.”

तिनं मान हलवली आणि कुरडयांचा डबा माळ्यावर चढवायला मला हाक मारली.