मेंदूच्या स्कॅनमधले रंग नेमके काय सांगतात?

वर्तमानपत्रात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही असे चित्र नक्की पाहिले असेल. राखाडी मेंदू, त्यात एखादा लाल-पिवळा ठिपका आणि वर मथळा: 'अमुक सवयीमुळे मेंदूत बदल'. माझ्या दवाखान्यात हल्ली रक्ताच्या रिपोर्टबरोबर अशी चित्रेही येतात. पाठोपाठ प्रश्न येतो, "डॉक्टर, आपणही हा स्कॅन करून घ्यायचा का?"

मी जनरल फिजिशियन आहे, मेंदूतज्ज्ञ नाही. पण एमडीच्या प्रबंधासाठी संख्याशास्त्राशी जी झटापट केली, ती इथे उपयोगी पडते. कारण तो लाल ठिपका कॅमेऱ्याने टिपलेला नसतो, गणिताने काढलेला असतो.

रंग येतो कुठून?

मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे रक्तपुरवठा वाढतो. फंक्शनल एमआरआय हा बदल टिपतो. त्यासाठी मेंदूचे काही मिलिमीटरचे बारीक ठोकळे कल्पून प्रत्येक ठोकळ्यातला सिग्नल दर दोन-तीन सेकंदांनी मोजला जातो. फरक असतो जेमतेम एक-दोन टक्क्यांचा. श्वास घेतला, डोके जरासे हलले, तरी तेवढा फरक पडू शकतो. म्हणून प्रत्येक ठोकळ्याबाबत विचारावे लागते, हा फरक निव्वळ योगायोगाने आला असेल का? ती शक्यता फार कमी निघाली, तर ठोकळा रंगवतात.

आता हिशोब करा. समजा ठोकळे १ लाख आहेत आणि आपण योगायोगाला ५ टक्के सूट दिली. मग काहीही घडलेले नसताना सुमारे ५ हजार ठोकळे रंगतील.

हे दाखवण्यासाठी अमेरिकेतल्या क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला. त्याला माणसांचे फोटो दाखवून 'या व्यक्तीच्या मनात काय भावना आहे?' असे रीतसर विचारले. इतक्या साऱ्या तुलनांसाठी करायची दुरुस्ती वगळून गणित केले, तर माशाच्या मेंदूतही ठिपका उमटला! दुरुस्ती करताच तो नाहीसा झाला. २००९ साली मांडलेल्या या प्रयोगाला २०१२ मध्ये इग नोबेल हे गमतीदार पारितोषिक मिळाले, पण त्यातला धडा मुळीच गमतीचा नाही.

किती वेळा मोजले आणि किती जणांना मोजले?

समजा, नागपूरकर आणि कोल्हापूरकर यांच्या रक्तदाबात फरक आहे का, हे मला बघायचे आहे. मी नागपूरच्या एका गृहस्थांचा बीपी १० वेळा घेतला आणि कोल्हापूरच्या एका गृहस्थांचाही १० वेळा. माझ्या वहीत २० आकडे झाले, पण माणसे दोनच! या २० आकड्यांवरून त्या दोघांविषयी बरेच कळेल, दोन शहरांविषयी काहीच नाही.

स्कॅनचेही तसेच आहे. एकाच माणसाचे अनेक दिवशी स्कॅन केले तर त्याचे मोजमाप पक्के होते. पण निष्कर्ष सगळ्या रुग्णांना लावायचा असेल, तर माणसामाणसांत किती फरक असतो, हेही गणितात धरावे लागते. ते न धरता सगळे आकडे एकाच पोत्यात भरले, तर पुरावा उगाचच भक्कम दिसतो.

आणि आज केलेला स्कॅन महिन्याने केलेल्या स्कॅनशी जुळतो का? कामे करायला लावून केलेल्या फंक्शनल एमआरआयच्या ९० प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ० म्हणजे अजिबात मेळ नाही आणि १ म्हणजे तंतोतंत मेळ, अशा मोजपट्टीवर सरासरी आली सुमारे ०.४. घरातला वजनकाटा इतका बेभरवशाचा निघाला, तर आपण तो दुकानात परत नेऊ.

'आधी-नंतर'चा सापळा

ही चूक जाहिरातींत हमखास दिसते. एका गटाला औषध दिले, दुसऱ्याला नाही. दोन्ही गटांचे आधी आणि नंतर स्कॅन केले. औषधाच्या गटात बदल 'लक्षणीय' ठरला, दुसऱ्या गटात ठरला नाही. झाले, औषध सिद्ध!

थांबा. एका मुलाला ३५ गुण मिळाले, तो पास. दुसऱ्याला ३४, तो नापास. निकाल वेगळे असले तरी दोघांत अंतर एकाच गुणाचे आहे. म्हणून दोन गटांतल्या बदलांची तुलना थेट एकमेकांशीच करावी लागते. २०११ मध्ये मेंदूविज्ञानातले ५१३ शोधनिबंध तपासले गेले. ज्या १५७ निबंधांत ही चूक घडण्याजोगी होती, त्यांपैकी ७९ जणांनी ती केली होती. नामांकित नियतकालिकांत ही स्थिती, तर व्हॉट्सअ‍ॅपचे काय सांगावे?

गटाचे सत्य आणि तुमचे मूल

मागे एक आई आल्या होत्या. मुलाला एडीएचडी असल्याचे बालमानसोपचारतज्ज्ञांनी सांगितले होते, उपचार सुरू होते. नातेवाइकांनी मात्र डोक्यात भरवले होते की, "स्कॅनमध्ये दिसले तरच खरा आजार." स्कॅन होईपर्यंत औषध बंद ठेवायचा त्यांचा विचार होता.

मी म्हटले, "ताई, दहावीच्या वर्गात मुलांची सरासरी उंची मुलींपेक्षा जास्त असते. पण नुसती उंची सांगितली, तर तो मुलगा की मुलगी हे ओळखता येईल का?" त्या हसल्या. "नाही हो, आमची पुतणीच वर्गात सगळ्यांत उंच आहे."

एडीएचडीचे अगदी असेच आहे. २०१७ मध्ये एडीएचडी असलेल्या १,७१३ आणि नसलेल्या १,५२९ जणांच्या एमआरआयची तुलना प्रसिद्ध झाली. मेंदूचे काही भाग पहिल्या गटात सरासरीने थोडे लहान निघाले. फरक खरा, पण इतका बारीक की दोन्ही गटांचे आकडे बहुतांशी एकमेकांत मिसळलेले. अशा फरकावरून एका मुलाचे निदान होत नाही. ते होते त्याच्याशी बोलून, घरचे आणि शाळेचे ऐकून, त्याचे वागणे पाहून. त्या बाईंनी औषध बंद केले नाही.

याचा अर्थ स्कॅन निरुपयोगी असा अजिबात नाही. पक्षाघात, गाठ, रक्तस्राव यांत साधा सीटी किंवा एमआरआय जीव वाचवतो. मेंदूच्या काही शस्त्रक्रियांआधी बोलण्याची आणि हालचालीची केंद्रे शोधायला फंक्शनल एमआरआयही वापरतात. तुमच्या डॉक्टरांनी स्कॅन सांगितला असेल, तर टाळू नका.

पण पुढच्या वेळी रंगीत मेंदू दिसला, की चार प्रश्न विचारा. माणसे किती होती? मोजमाप पुन्हा केल्यावर तेच आले का? दोन गटांची थेट तुलना केली का? आणि हा फरक गटाचा आहे की माझा? उत्तरे मिळाली नाहीत, तर ते चित्र पुढे पाठवू नका, त्यावर पैसे खर्च करू नका, आणि केवळ त्यापायी चालू औषध तर मुळीच थांबवू नका. शंका असेल, तर ते चित्र घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.