चुका घालाव्या लागतात!

परवा नातीशी फोनवर बोलत होते. ती हवामानशास्त्रात एम.एस्सी. करते. "काय चाललंय गं?" विचारलं, तर म्हणाली, "आजी, खोट्या निरीक्षणांत चुका घालतेय." म्हटलं, कमाल आहे! आमचा जन्म चुका काढण्यात गेला. मग तिने नीट समजावून सांगितलं.

समजा, एखादा नवा उपग्रह सोडायचाय. खर्च अफाट. त्याने हवामानाचे अंदाज किती सुधारतील हे आधी कसं कळणार? मग संगणकावर वातावरणाचं एक मॉडेल सलग चालवतात आणि तेच 'खरं हवामान' असं धरून चालतात. याला नेचर रन म्हणतात. अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्राने २००५ ते २००७ या दोन वर्षांचा असा नेचर रन केला, साधारण ७ किलोमीटरच्या चौकटींचा. त्या लुटुपुटीच्या हवामानातून, उपग्रहाला किंवा फुग्याला जे दिसलं असतं ते आकडे काढतात. ते दुसऱ्या मॉडेलला देऊन अंदाज करायला लावतात. खरं उत्तर हाताशी असतंच, ताडून बघायचं.

पण हे आकडे फारच स्वच्छ असतात. तसेच दिले तर निकाल वाजवीपेक्षा चांगला येतो आणि नवा उपग्रह आहे त्याहून गुणी वाटतो. म्हणून त्यांत मुद्दाम चुका मिसळायच्या. त्याही कशाही नाहीत. उपकरणाची थरथर वेगळी. एका ठिकाणचं तापमान अख्ख्या चौकटीचं मानलं, ती चूक वेगळी. आणि सगळ्यांत लबाड म्हणजे एकाच दिशेने होणारी चूक, ती सरासरी काढूनही जात नाही.

हे मला लगेच पटलं. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात तापमापी जरा उंच टांगलेली होती. बुटकी मुलं खालून बघत, त्या सगळ्यांचे आकडे थोडे जास्तच यायचे.

आणि मग ते आठवलं, जे आठवायला नको होतं.

१९८४ साली मी सहावीला रोज दुपारचं तापमान टिपायला सांगितलं होतं. एका मुलाची वही देखणी होती, आकडे कसे ओळीने चढत-उतरत गेलेले. त्याला मी कंपासपेटी बक्षीस दिली. दुसऱ्याच्या वहीत खाडाखोड, आकडे वरखाली, एके दिवशी चक्क "आज बघितले नाही". त्याला वर्गासमोर बोलले आणि मार्कही कापले.

ती देखणी वही नमुना म्हणून मी कपाटात जपून ठेवली. निवृत्तीच्या वेळी कपाट आवरताना सहज चाळली, तर दिवाळीच्या सुट्टीतलेही आकडे त्यात होते. तेव्हा शाळेला कुलूप होतं!

नात म्हणाली, "आजी, चुका कमी धरल्या की मॉडेल त्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवतं." मी गप्पच बसले. मॉडेलचं काय घेऊन बसलात, मी तरी दुसरं काय केलं होतं?

तो खाडाखोडवाला मुलगा आता पन्नाशीत असेल. कुठे असतो, कोण जाणे. भेटला तर त्याचे मार्क परत द्यायचे आहेत.

असो.