मोठं चाक, बारीक आस

अमेरिकेत आल्यावर माणसाला कसलं खूळ लागेल ते सांगता येत नाही. कुणी गोल्फ शिकतो, कुणी घरामागे कढीपत्ता जगवायचा ध्यास घेतो. मला लागलं ते खडकांवर गाडी चढवायचं. तुम्ही म्हणाल, आपल्याकडचे रस्ते काय वाईट होते? पण इथे लोक त्यासाठी पैसे मोजून पार्कात जातात. सनीव्हेलहून दीडेक तासावर हॉलिस्टर हिल्स नावाचं सरकारी ऑफ-रोड पार्क आहे. चिखल, दगड, उभे चढ, सगळी सोय!

माझ्याकडे एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी आहे. नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. तिला मुळात 29 इंची टायर होते. मी हौसेनं 35 इंची घातले, आणि ते बॉडीला घासायला लागले म्हणून चाकं बाहेर काढणाऱ्या रुंद रिम्सही घातल्या. काय दिसायची महाराजा! अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये येणारेजाणारे वळून बघायचे.

तर मंडळी, एका शनिवारी मी, बायको आणि पाच वर्षांची लेक असे हॉलिस्टरला गेलो. एका साध्याशा चढावर (साधासाच म्हणायचा, वेग जेमतेम चालण्याइतका) मागून 'कट्' असा आवाज आला. उतरून बघतो तर मागचं डावं चाक एक्सलसकट चार बोटं बाहेर सरकलेलं. दशरथाच्या रथाची खीळ निसटली तेव्हा कैकेयीनं तिथे आपलं बोट घातलं, ही गोष्ट लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. इथे बायको म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस."

आम्ही हसलो. गाडी ओढून आणली. हसू मावळलं ते दुसऱ्या दिवशी, तुटलेला शाफ्ट हातात घेतल्यावर.

माझी पीएचडी धातूच्या थकव्यावर आहे. लोखंडाची तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते ना, तेच शास्त्र. हे शास्त्र जन्मालाच आलं मुळी तुटक्या आसांमुळे. 1842 साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून रेल्वेचा भीषण अपघात झाला, पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढे प्रशियात ऑगस्ट व्योलर या इंजिनिअरनं रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की एका झटक्यात मुळीच न तुटणारा आस त्याहून कमी भार लाखो वेळा दिला तर तुटतो. थकव्यानं तुटलेल्या धातूच्या तोंडावर ओहोटीच्या वाळूवर उमटतात तशा रेघा असतात. माझ्या शाफ्टवर त्या होत्या. अर्ध्याहून जास्त भागावर, गुळगुळीत.

म्हणजे तो त्या चढावर तुटलाच नव्हता. कित्येक दिवस तुटत होता. चढावर फक्त उरलेला भाग गेला.

कारणही माझंच. अशा हलक्या गाड्यांचा मागचा एक्सल 'सेमी-फ्लोटिंग' असतो. तोच शाफ्ट चाक फिरवतो आणि तोच गाडीचं वजनही पेलतो. वजनानं तो किंचित वाकतो, आणि फिरत असल्यामुळे दर फेऱ्याला उलटसुलट वाकतो. 35 इंची चाक 100 किलोमीटरला सुमारे 36,000 फेरे घेतं. चाक मी बाहेर काढलं, म्हणजे तेच वजन लांबून टांगलं. खडकावर असा कितीसा गेलो असेन? थकवला तो हायवेनं. त्या शनिवारी सकाळी 101 वर गिलरॉयच्या लसणाचा वास घेत आम्ही ताशी 65 मैलांनी गेलो होतो. लेक मागच्या सीटवर डाव्या बाजूला झोपली होती.

असो. त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढंच सांगतो.

दुसरी चूक टायरची. आपल्याकडे फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणी शहाणा त्यात जाड तार घालतो, आणि मग एक दिवस भिंतीतली वायरिंग जळते. टायर हा गाडीचा फ्यूज आहे. लो-रेंजमध्ये पहिल्या गिअरला इंजिनाचा जोर इतका वाढतो की तो सगळा शाफ्टवर आला तर शाफ्ट पिळून निघेल. पण त्याआधी टायर घसरतो आणि शाफ्ट वाचतो. 29 चा 35 केला की तरफ 21 टक्क्यांनी लांब झाली. त्यात रुंद, मऊ रबर, म्हणजे पकडही वाढली. जाड तार घातली मी!

मग शोध सुरू झाला दणकट एक्सलचा. इथल्या शौकिनांत डाना 44 आणि डाना 60 ही नावं आपल्याकडे आंब्याच्या जाती घेतात तशी घेतली जातात. 44 चा क्राउन गिअर साधारण साडेआठ इंची, 60 चा पावणेदहा. शाफ्टची पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. 30 मिलिमीटरचा 38 केला की दुप्पट! साहजिकच माझा जीव 60 वर जडला. एक टनी पिकअपमधून काढलेला एक भंगारात मिळतही होता.

पण कागद-पेन्सिल घेऊन बसलो. 33 चा टायर 35 केला तर आस उचलला जातो फक्त एक इंच. 60 चा मोठा क्राउन त्यातला अर्धाएक इंच खाली लोंबून परत घेणार. वजन दांडगं, तेही स्प्रिंगच्या खालचं. त्याची चाकं आठ बोल्टांची, माझी पुढची पाच बोल्टांची, म्हणजे स्टेपनी कुठली ठेवायची? शिवाय पुढच्या-मागच्या क्राउन-पिनियनचं गुणोत्तर एकच हवं, नाहीतर फोर-व्हीलमध्ये दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात.

बाबांना फोन केला. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, एसटीच्या मागच्या चाकाच्या मधोमध डब्यासारखं बाहेर आलेलं असतं, बघितलंयस ना? तिथले बोल्ट काढले की शाफ्ट हातात येतो. गाडी उभीच्या उभी. वजन नळीवर, शाफ्टला काम फक्त पिळायचं. तुटला तरी चाक जात नाही."

हाच तो 'फुल-फ्लोटिंग' एक्सल. बैलगाडीतही हेच आहे. आस वजन पेलतो, तो फिरत नाही, आणि ओढायचं काम बैलांचं. मी पाच वर्षं अमेरिकेत थकव्यावर प्रबंध लिहिला आणि हे मला बाबांनी फोनवर सांगायचं!

मग बाबांनी विचारलं, "पण चाक मोठं कशाला केलंस?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते फिटरला सांगण्यासारखं नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. 35 चे टायर आणि त्या रुंद रिम्स विकल्या. 33 चे घेतले, मूळ जागी बसणाऱ्या रिम्सवर. मागे 44 च्या मापाचा एक्सल, त्याला फुल-फ्लोटिंग हबचं किट, पाच बोल्ट तसेच राखून. पुढे-मागे दोन्हीकडे 3.73 ऐवजी 4.10. खर्च भारताच्या दोन तिकिटांइतका झाला, म्हणून यंदाची दिवाळी हुकली. आईला कारण सांगितलं नाही. बाबांनीही सांगितलं नसावं.

सनीव्हेल म्हटलं की तुम्हाला सॉफ्टवेअर आठवत असेल. पण 1906 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर इथे जोशुआ हेंडीचा लोखंडाचा कारखाना आला होता, आणि दुसऱ्या महायुद्धात लिबर्टी जहाजांची अजस्र वाफेची इंजिनं इथे बनली. त्या भागातून जाताना हल्ली मला उगाच शरमल्यासारखं होतं.

तुटका शाफ्ट टेबलावर ठेवलाय. लेक त्या रेघांवरून बोट फिरवते आणि विचारते, "बाबा, हे समुद्रातून आणलं का?" अजून तिला खरं सांगितलेलं नाही. मोठी झाली की सांगेन. गाडी आता पार्किंगमध्ये कुणी वळून बघत नाही, आणि दर महिन्याला मी खाली झोपून चारही चाकं हलवून बघतो.