दोन बाय दोनची लादी

साइटवर मला सगळे मॅडम म्हणतात, मान देतात, चहाही पाजतात; पण माझ्या नकाशातल्या मिलिमीटरांना कोणी विचारत नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ड्रॉइंग काढते. माझ्या कागदावर भिंत २३० असते, गवंड्याच्या तोंडी ती नऊ इंची. १५० ची भिंत सहा इंची, २१०० बाय ९०० चा दरवाजा म्हणजे सात बाय तीन. सळईचं तर विचारूच नका. १० ची सळई तीन सूत, १२ ची चार सूत, १६ ची पाच सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर, त्या हिशोबाने चार सुतांचे १२.७ व्हायला हवेत. कारखान्यातून सळई बाराचीच येते, आणि हे ती बांधणाऱ्या फिटरलाही पक्कं ठाऊक असतं.

कायद्याच्या दृष्टीने हा वाद कधीच मिटलाय. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि एप्रिल १९६२ पासून मेट्रिक सक्तीचं झालं. तरी आजही फ्लॅटची जाहिरात चौरस फुटांत आणि करारनामा चौरस मीटरमध्ये. खडी ब्रासने, म्हणजे १०० घनफुटांच्या हिशोबाने. जमीन सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये, पारावर गुंठ्यांत. आर १०० चौरस मीटरचा. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. या खिचडीला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यातली नाही. दोन्ही मापं तोंडात खेळत असली की काम अडत नाही.

अडतं ते माप एका पद्धतीचं आणि हिशोब दुसऱ्या पद्धतीचा असला की. एका बंगल्याचा हॉल प्लास्टर ते प्लास्टर बरोब्बर वीस फूट होता. मालकांनी आधीच बजावलं होतं, ‘मला तुकडे नकोत. दोन बाय दोनची लादी आहे, दहात हॉल बसतो.’ मी नकाशावर बोट ठेवून सांगितलं की बसणार नाही. त्यांनी मान डोलावली आणि दहाच्याच हिशोबाने खोकी मागवली. लादीवाल्या मिस्त्रींनी बोलण्यात वेळ घालवला नाही. पहिलं खोकं फोडलं, लादी पालथी करून टेप लावली आणि म्हणाले, ‘मॅडम, साठची हाय.’ मग सिमेंट न लावता नुसत्याच दहा लाद्या दोरीला ओळीने मांडल्या, मधे दोन-दोन मिलिमीटरचे स्पेसर. शेवटच्या लादीपुढे भिंतीपर्यंत जागा उरली. त्यांनी त्या फटीत हात आडवा घातला. चार बोटं आरामात मावली.

बाजारात जिला दोन बाय दोन म्हणतात ती लादी ६०० मिलिमीटरची असते आणि दोन फूट होतात ६०९.६. लादीमागे साडेनऊ मिलिमीटर कोणाच्या डोळ्यावर येत नाहीत. दहा लाद्यांत, सांधे धरूनही, साधारण तीन इंचांची पट्टी उघडी पडते. मालक आधी दुकानदारावर चिडले, मग माझ्यावर. मिस्त्रींनी शांतपणे ओळ मधोमध सरकवली: नऊ लाद्या अख्ख्या, दोन्ही कडांना ३३८ चे सारखे तुकडे. आता तो हॉल मुद्दाम तसा आखल्यासारखा दिसतो.

घरी माझं दुसरं बांधकाम चालू असतं, आकाराने फार लहान. नेरळहून माथेरानला चढणारी १९०७ ची गाडी मी मॉडेलमध्ये करते आहे, रूळ, डबे, फलाट सगळं. हा छंद करणाऱ्यांत एक प्रमाण चालतं: फुटाला चार मिलिमीटर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते अर्धवट वाटलं. धड इंग्रजी नाही, धड मेट्रिक नाही. १ ला ७६.२ असला बेढब भाजक कोण मुद्दाम निवडेल? पण डब्याच्या जुन्या आराखड्याची झेरॉक्स समोर ठेवून पुठ्ठा कापायला बसले आणि मत बदललं. आराखड्यातली मापं फूट-इंचांत, हातातली पट्टी मिलिमीटरची, आणि मधे कॅल्क्युलेटर लागतच नाही. तीन इंच म्हणजे एक मिलिमीटर. पावणेदोन फुटांची खिडकी सात, सहा फुटांचं दार चोवीस. ज्याने हे प्रमाण काढलं त्याला दोन्ही पट्ट्या वापरायची सवय असणार.

घोळ इथेही आहेच. इंग्लंडची इंजिनं बेताची. आधीच्या, फुटाला साडेतीन मिलिमीटरच्या प्रमाणात केलेल्या मॉडेल-इंजिनाच्या खोक्यात ते चालवणाऱ्या तेव्हाच्या मोटर मावेनात. म्हणून खोकं चार मिलिमीटरच्या प्रमाणात मोठं केलं आणि रूळ मात्र जुनेच १६.५ चे ठेवले. परिणामी तिकडची चार फूट साडेआठ इंची लाइन मॉडेलमध्ये चार फूट दीड इंचाची होते, आणि लाखो लोक ती आनंदाने चालवतात. माथेरानची लाइन दोन फुटी. माझ्या प्रमाणात तिला आठ मिलिमीटर हवेत. बाजारात तयार रूळ मिळतात नऊचे. एक मिलिमीटर म्हणजे पुन्हा तेच तीन इंच. काहीजण आठचे रूळ स्वतः घडवतात. त्यांना माझा दंडवत. मी नऊचे घेतले. दिवाळीच्या किल्ल्यावर महादरवाज्याहून उंच मावळा उभा करून वाढलेल्यांपैकी मी. एवढं मला चालतं.

एक शिस्त मात्र कडक पाळते. स्टीलच्या पट्टीची इंचाची कड मी चिकटपट्टीने झाकून टाकली आहे. फुटांतलं माप मिलिमीटरमध्ये आणायचं ते एकदाच, कागदावर. पुढे कापताना, घासताना, चिकटवताना इंचाकडे वळायचं नाही. दर टप्प्याला इकडून तिकडे गेलं की दर वेळी थोडं पूर्णांकात ढकललं जातं आणि शेवटी छत भिंतीवर बसत नाही. साइटवरही माझं हेच म्हणणं असतं. बोला फुटांत, सुतांत, कशातही. आखणीची टेप मात्र एकाच बाजूने वाचा.

तेव्हा घराचं काम काढणाऱ्यांना एक विनंती. दुकानात खुशाल दोन बाय दोन मागा, पण किती लाद्या लागतील हे खोक्यावर छापलेला मिलिमीटरचा आकडा वाचल्यावरच ठरवा, आणि सांधे त्यात धरा.