पाण्याला सातबारा वाचता येत नाही

मुलांनो, तुम्हाला पाढे कितीपर्यंत येतात? वीसपर्यंत? तीसपर्यंत? शाब्बास! पण पाऊणकी येते का?

नाही ना? मग आईबाबांना विचारा. त्यांनाही बहुधा येणार नाही. पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचेही पाढे घोकून घेत. पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन... माझे आजोबा जेमतेम दुसरी शिकलेले. पण झोपेतून उठवलं तरी ते पाऊणकी धडाधड म्हणून दाखवत. कारण आमच्या घरातला भात त्या पाढ्यावर अवलंबून होता!

भाताचा आणि पाढ्याचा काय संबंध, असं वाटलं ना? सांगतो.

आमचं गाव रोडपाली. पनवेल तालुक्यातलं, कळंबोलीला अगदी लागून. आज तुम्ही तिथे गेलात तर उंच इमारती, ट्रक आणि रुंद रस्ते दिसतील. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासूनच सुरू होतो. पण मी चौथी-पाचवीत होतो तेव्हा, म्हणजे १९७८-७९ च्या सुमाराला, आमच्या जिल्ह्याचं नावसुद्धा कुलाबा होतं. रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. तेव्हा गावाभोवती होती भातशेती, त्यापलीकडे मातीचा लांबलचक बांध आणि बांधापलीकडे खाडी.

ही शेतं साधी नव्हती. ती खारजमिनीची होती. आमच्या वाडवडिलांनी खाडीच्या चिखलाला बांध घालून ती तयार केली होती. पहिल्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन जायचं आणि मग भात पेरायचा. पण एकदा का बांध फुटून खारं पाणी आत शिरलं, की संपलंच. त्या वर्षीचं पीक तर जाईच, पण जमीन गोडी व्हायला पुढचे दोन-तीन पावसाळे लागत.

बरं, नुसता बांध घालून भागत नाही. आत साठलेलं पावसाचं पाणी बाहेर कसं जाणार? त्यासाठी बांधात उघाडी असे. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातून काढलेली मोरी आणि तिच्या तोंडाला बाहेरच्या बाजूने लावलेली झडप. भरती आली की खाडीचं पाणी झडपेवर रेटा देतं आणि ती आपोआप बंद होते. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. ना यंत्र, ना वीज! पण झडपेत एखादा ओंडका किंवा गवताचा भारा अडकला, तर? तर ती मिटत नाही आणि भरती थेट शेतात. म्हणून भरती चढायच्या आधी उघाडी साफ हवी. आणि त्यासाठी भरतीची वेळ माहीत हवी.

इथेच पाऊणकी कामाला येई. अमावास्येला आणि पौर्णिमेला आमच्याकडे बाराच्या सुमाराला पूर्ण भरती असते. दुपारीही आणि रात्रीही. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागोमाग रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. म्हणून तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. कधी अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होई, पण आजोबा त्यापेक्षा जास्त वेळ हाताशी ठेवूनच निघत. कोकणातल्या कितीतरी कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना हा हिशेब तोंडपाठ असे. आता तुम्हीच सांगा, दीड दिवसाचे गणपती पंचमीला विसर्जनाला निघतात, तेव्हा भरती किती वाजता असेल? करा गुणाकार!

पण आजोबांनी मला शिकवलेला खरा धडा पाढ्याचा नाही. तो वेगळाच आहे.

ती पिठोरी अमावास्येची रात्र होती. म्हणजे भरती बाराच्या सुमाराला, आणि तीही उधाणाची. नऊ वाजता आजोबा बांधावर फेरी मारायला निघाले. कंदील धरायला मला नेलं. पाऊस भुरभुरत होता. पायाखाली नुसता चिखल. आमच्या वाट्याचा बांध त्यांनी नीट पाहिला. घट्ट होता. आता घरी जायचं, असं मला वाटलं. पण ते पुढेच चालत राहिले, शेजारच्या काकांच्या बांधावर.

या काकांचं आणि आमचं एका आंब्याच्या झाडावरून जोरदार भांडण होतं. दोन वर्षं बोलणं नव्हतं! आजोबा मात्र त्यांच्या बांधावर वाकून कान लावून बसले. चिंबोऱ्यांनी बांधात बिळं पाडली होती आणि एका बिळातून बुडबुड आवाज करत पाणी आत येऊ लागलं होतं. अशा बिळाचीच थोड्या वेळात खांड होते, म्हणजे बांध तिथे फुटतोच.

आजोबांनी मोठ्याने हाळी दिली. मग तडक काकांच्या दारात जाऊन त्यांना उठवलं. बघता बघता दहा-बारा माणसं जमली. बायका पाट्यांतून माती देत होत्या, पुरुष पेंढा आणि चिखल ठोकून बसवत होते. मी आपला थरथरत कंदील धरून उभा! पाणी बांधाच्या माथ्याशी आलं, तिथेच घुटमळलं आणि मग हळूहळू उतरू लागलं.

घरी येताना मी विचारलं, "आजोबा, आपला बांध तर चांगला होता. मग आपण कशाला गेलो?"

आजोबा म्हणाले, "पोरा, खांड त्याच्या बांदाला पडली असती, पन मीठ माज्या भातात आला असता. पान्याला सातबारा वाचता येत नाय!"

सातबारा म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगणारा सरकारी कागद. पाणी काही तो कागद बघून शिरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

तुम्हाला वाटेल, त्या रात्रीनंतर भांडण मिटलं असेल. छे! आंब्याचा वाद पुढे चार-पाच वर्षं चालला. पण उधाण आलं की दोघंही बांधावर हजर असत. माणूस आवडत नसला तरी त्याच्या बांधावर जावंच लागतं, हे मी तेव्हाच पाहिलं. आणि हे एकट्या आजोबांचं शहाणपण नव्हतं. रायगडच्या खारेपाटात गावकरी मिळून समुद्राकडचा बांध राखत, त्या पद्धतीला 'जोळ' म्हणत. तिकडे दूर नेदरलँड्समध्येही शेतकऱ्यांनी असेच बांध राखले. त्यांच्या पाणी-मंडळांची परंपरा तर तेराव्या शतकापासूनची आहे!

पुढे काय झालं ते तुमच्या पालकांना ठाऊक असेल. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

आमचंही शेत गेलं. त्यावर मातीचे भराव पडले. बांध आणि उघाडी कुठे होती, ते आता मलाही नेमकं दाखवता येणार नाही. मला तेव्हा आजोबांचं फार वाईट वाटे. ज्या माणसाला भरती कळते, बांध कळतो, त्याने बांधच नसलेल्या गावात करायचं काय?

पण आजोबा रिकामे बसले नाहीत. दर वर्षी मृग लागायच्या आधी ते लांब काठी घेऊन निघत आणि रस्त्याकडेच्या पावसाळी गटारांच्या तोंडाशी अडकलेला कचरा ओढून काढत. एकदा नव्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "आजोबा, हे गटार तुमचं आहे का?" आजोबा हसून म्हणाले, "नाय बा. पन पानी आपल्या दोघांचा हाय!"

२००१ साली आजोबा गेले. चारच वर्षांनी, २६ जुलै २००५ ला तो भयंकर पाऊस आला. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कळंबोली-पनवेलकडेही घराघरांत पाणी शिरलं. त्या रात्री आमच्या इमारतीत तळमजल्यावरची सगळी बिऱ्हाडं वरच्या मजल्यांवर आली. रोज जिन्यात भेटूनही ज्यांची नावं आम्हाला माहीत नव्हती, ती माणसं आमच्या घरात झोपली. माझ्या आईने मोठ्या पातेल्यात भात टाकला. आजोबांचं नाव कुणी काढलं नाही, पण मला सारखी त्या कंदिलाची आठवण येत होती.

आणखी एक गंमत सांगतो. नवी मुंबई वसवताना सखल भागांसाठी धारण तलाव बांधले गेले. कळंबोलीतही असा तलाव आहे. शहरातलं पावसाचं पाणी त्यात जमतं. तलावाच्या तोंडाशी झडपा असतात. भरतीला त्या बंद होतात आणि ओहोटीला उघडून पाणी खाडीत सोडतात. ओळखलंत ना? अहो, ही तर आजोबांची उघाडी! फक्त लाकडाऐवजी काँक्रीट आणि लोखंड आलं. शेत गेलं, पण पाण्याचा नियम तोच राहिला. आणि झडपेत ओंडक्याऐवजी प्लास्टिकची पिशवी अडकली, तरी तोच घोटाळा होतो.

म्हणून मला आता आजोबांचं वाईट वाटत नाही. त्यांची विद्या जमिनीबरोबर गेली नाही. ती भरावाखाली दबली असेल, पण आमच्या शहराला ती रोज लागते.

तर मित्रांनो, या मे महिन्यात एक काम करा. तुमच्या गल्लीतलं पावसाचं पाणी कुठून कुठे जातं, ते घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन चालत चालत बघा. वाटेत कुठे तोंड बुजलेलं दिसलं तर स्वतः आत हात घालू नका, मोठ्यांना सांगा. ते तुमच्या दारासमोर नसेल, त्या घरातल्या मुलाशी तुमची कट्टीही असेल. तरीही सांगा.